फोन आडवा केला आणि निवड पुसली गेली!



हरणीच्या आमच्या संगणक वर्गात आम्ही स्नेहसंमेलनाच्या नावनोंदणीसाठी छोटे अँड्रॉइड ॲप करायला घेतले. स्क्रीन तीनच : नाव व इयत्ता, कार्यक्रमाची निवड आणि 'नोंद झाली'. पहिल्याच चाचणीत दुसऱ्या स्क्रीनवर 'नाटक' निवडले, फोन आडवा केला आणि निवड गायब! दोष फोनचा नव्हता, आमचा होता.

आधी स्क्रीनची रचना समजून घेऊ. आजीच्या स्वयंपाकघरातली मडक्यांची उतरंड आठवा. सर्वांत वरचे मडके आधी काढावे लागते. ॲपमध्येही नवी स्क्रीन वर चढते आणि 'मागे' दाबले की तीच प्रथम निघते. म्हणून 'नोंद झाली' दाखवताना खालच्या भरलेल्या स्क्रीन उतरंडीतून काढून टाकाव्यात. नाहीतर कोणी मागे जाऊन पुन्हा 'पाठवा' दाबेल व एकाच मुलाची दोनदा नोंद होईल.

आता निवड का पुसली गेली? फोन आडवा केला की अँड्रॉइड एरवी ती स्क्रीन मोडून नव्याने उभारते. आपण चलांत ठेवलेली माहिती तिच्याबरोबर जाते. ती जपण्याच्या तीन जागा आहेत :

१. व्ह्यूमॉडेल (गूगलने २०१७ मध्ये आणले) : फोन फिरवला तरी माहिती टिकते.

२. बंडल : आपण दुसऱ्या कामात असताना मेमरी कमी पडून प्रणालीने ॲप बंद केले, तरी हे छोटे गाठोडे परत मिळते. त्यात फोटो कोंबू नयेत.

३. डेटाबेस : ॲप आपणच बंद केले किंवा फोन बंद पडला, तरी माहिती राहते.

पालकहो, प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म आता फोनवर भरले जातात. आजोबा एका बोटाने अक्षर अक्षर टिपतात. मध्येच कोणाचा फोन येतो आणि सारे पुसले जाते. तेव्हा त्यांना वाटते, "मलाच हे जमत नाही." हा दोष त्यांचा नसून ॲप लिहिणाऱ्याचा असतो. आपल्या मुलांनी हे आत्ताच शिकावे, एवढाच आमचा आग्रह.

करून पाहा : फोनच्या 'डेव्हलपर ऑप्शन्स'मध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' चालू करा. आपल्या ॲपमधला फॉर्म अर्धा भरा, दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत या. काय उरले, काय गेले, ते वहीत लिहा. जे गेले, त्याच्यासाठी वरीलपैकी कोणती जागा योग्य, ते ठरवा. चाचणी झाल्यावर तो पर्याय बंद करायला विसरू नका.