मोडलेला घोटा आणि ऑपरेशनमधला एक्स-रे

दिवसभर आपले पाय आपल्याला वाहून नेतात. आपण औतामागे चालतो. डोक्यावर भारा घेतो. विहिरीच्या पायऱ्या चढतो आणि उतरतो. या साऱ्या वेळी अंगाचा भार एका लहानशा सांध्यावर येतो. तो सांधा म्हणजे घोटा. घोटा मोडला की कष्टकरी माणसाचे काम थांबते. तो नीट बसला नाही, तर जन्मभर लंगडत चालावे लागते.

मोडलेला घोटा जोडताना डॉक्टर ऑपरेशन चालू असतानाच पुन्हा पुन्हा एक्स-रे फोटो काढतात. पुष्कळ लोक विचारतात, “फोटो तर आधीच काढला होता. आता आणखी कशाला?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही या धड्यात देणार आहोत. त्यासाठी आधी घोटा कसा असतो ते पाहू या.

घोट्याची घडण

आपल्या घोट्यावर हात ठेवा. दोन्ही बाजूंना दोन उंचवटे लागतील. आतला उंचवटा नडगीच्या हाडाचा. बाहेरचा उंचवटा नडगीशेजारच्या बारीक हाडाचा. ही दोन हाडे मिळून खाली एक खाच तयार होते. त्या खाचेत पावलाचे एक हाड बसते. हे हाड टाचेच्या हाडावर असते.

सुतार एका लाकडाला खाच पाडतो. दुसऱ्या लाकडाचे टोक तीत बेतून बसवतो. खाच सैल झाली की सांधा डुगडुगतो. घोट्याचेही तसेच आहे. पण लाकडाचा सांधा हलत नाही. घोट्याचा सांधा मात्र हजारो वेळा हलतो. म्हणून आतल्या हाडांवर गुळगुळीत अस्तर असते. त्याला कूर्चा म्हणतात. आणि नडगी व बारीक हाड एकमेकांपासून फाकू नयेत म्हणून त्यांना चिवट बंधांनी बांधलेले असते.

एका रेघेचा फरक

फूटपट्टीवर दोन लहान रेघांमधले अंतर पाहा. ते एक मिलीमीटर. ज्वारीच्या दाण्याहूनही ते कमी भरते. एवढा फरक पडला तर काय बिघडले, असे आपल्याला वाटेल.

१९७६ साली रॅमसे आणि हॅमिल्टन या दोन डॉक्टरांनी हे तपासले. त्यांनी मृतांच्या पायांचे घोटे घेतले. खाचेतले हाड फक्त एक मिलीमीटर बाहेरच्या बाजूला सरकवले. तेव्हा दोन हाडे जिथे एकमेकांना टेकतात, ती जागा सरासरीने शेकडा ४२ इतकी कमी झाली. म्हणजे रुपयातले ४२ पैसे गेले. अंगाचा भार तर तेवढाच राहतो. मग तो भार थोड्याच जागेवर पडतो. तिथले अस्तर झिजते. सांधा दुखू लागतो, आखडतो. काही वर्षांनी चालणे कठीण होते.

म्हणून हाड नुसते जुळून भागत नाही. ते जागच्या जागी जुळले पाहिजे. बोटाने चाचपून एक मिलीमीटरचा फरक कळत नाही. तो डोळ्यांनी पाहावा लागतो. पण सांधा तर मांसाच्या आत. पाहायचा कसा?

आत पाहणारा प्रकाश

जर्मनीत वुर्झबर्ग नावाचे गाव आहे. तिथे रंटजेन नावाचे शास्त्रज्ञ होते. ८ नोव्हेंबर १८९५ या दिवशी त्यांना एक नवे किरण सापडले. हे किरण डोळ्यांना दिसत नव्हते. पण ते कागदातून, लाकडातून, मांसातूनही पार जात. हाड मात्र त्यांना बरेच अडवी. म्हणून फोटोच्या काचेवर हाडाची सावली उमटे. हे किरण कोणते, ते ठाऊक नव्हते. म्हणून त्यांनी नाव दिले ‘एक्स’ किरण. मराठीत आपण त्यांना क्ष-किरण म्हणतो. रंटजेन यांना १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाचा हक्क त्यांनी आपल्याकडे राखून ठेवला नाही. तो साऱ्या जगाला मोकळा राहिला.

लगेच १८९६ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात हॉल-एडवर्ड्स या डॉक्टरांनी एक्स-रे फोटोच्या आधाराने ऑपरेशनला वाट दाखवली. पुढे त्यांचे काय झाले, तेही आम्ही सांगणार आहोत.

ऑपरेशनच्या खोलीत

समजा, एक शेतकरी ओल्या बांधावरून घसरला. पाऊल पिळले. बाहेरचे बारीक हाड मोडले आणि बंधही तुटले. त्याला ऑपरेशनच्या टेबलावर निजवले आहे. टेबलाजवळ एक यंत्र आणतात. त्याचा हात अर्ध्या कड्यासारखा वाकलेला असतो. इंग्रजी ‘सी’ अक्षर असेच दिसते, म्हणून त्या यंत्राला सी-आर्म म्हणतात. पाय त्या कड्याच्या मधोमध येतो. एका टोकातून किरण निघतात. दुसऱ्या टोकाला ते झेलले जातात. लगेच शेजारच्या पडद्यावर हाडांचे चित्र दिसते.

डॉक्टर मोडलेले हाड ओढून सरळ करतात. मग पडद्यावर पाहतात. बारीक हाडाची लांबी पूर्ववत झाली का? ते आखूड राहिले किंवा पिळलेले राहिले, तर खाच सैल पडते. जुळणी बरोबर असेल, तर धातूची पट्टी लावून स्क्रू बसवतात. पुन्हा पाहतात. एखादा स्क्रू लांब होऊन सांध्यात तर शिरला नाही ना? शिरला असेल, तर तो तिथल्या तिथे बदलता येतो.

फोटो वेगवेगळ्या बाजूंनी घेतात. समोरून घेतला तर बारीक हाडाची सावली आतल्या हाडावर पडते आणि खाच झाकली जाते. म्हणून पाय १५ ते २० अंश आत वळवतात. मग खाच मोकळी दिसते. खाचेतल्या हाडाभोवती जी फट असते, ती वर आणि बाजूंना सारखी आहे का, हे डॉक्टर पाहतात. आतल्या बाजूची फट रुंद दिसली, तर हाड सरकले आहे असे समजावे. कधी कधी दुसऱ्या, धडक्या पायाचा फोटो काढून ताडून पाहतात. प्रत्येकाची घडण थोडी वेगळी. आपल्या एका पायाचा उत्तम नमुना म्हणजे आपलाच दुसरा पाय!

आणखी एक परीक्षा असते. बंध मांसासारखेच मऊ असतात. एक्स-रे फोटोत ते दिसत नाहीत. मग ते तुटले की नाही, हे कसे कळावे? डॉक्टर बारीक हाडाला आकड्याने हळूच बाहेर ओढतात. त्याच वेळी पडद्यावर पाहतात. दोन हाडांमधली फट वाढली, तर बंध तुटलेले आहेत. मग दोन्ही हाडांना धरून ठेवणारा एक स्क्रू किंवा मजबूत दोरा घालतात. हे काम आधीच्या फोटोने होत नाही. ते ऑपरेशन चालू असतानाच करावे लागते.

तरीही एक्स-रे म्हणजे सावली, हे विसरू नये. सावलीत पुढचे आणि मागचे एकमेकांवर पडते. त्यामुळे हाड किंचित पुढे-मागे बसले, तर ते फोटोत नजरेआड राहू शकते. यासाठी काही मोठ्या दवाखान्यांत पायाभोवती फिरून चित्रे घेणारे यंत्र असते. कांद्याच्या चकत्या कराव्यात तशी सांध्याची आडवी चित्रे ते दाखवते. कापावे मात्र लागत नाही.

किरणांची भीती

हॉल-एडवर्ड्स यांची गोष्ट आता सांगतो. ते रोज हाताशी किरण घेऊन काम करीत. किरणांचा अपाय तेव्हा लोकांना नीट कळलेला नव्हता. त्यांचा हात खराब झाला आणि १९०८ साली डावा हात कापावा लागला. अशा माणसांच्या सोसण्यातून जग शहाणे झाले.

म्हणून आज डॉक्टर आणि परिचारिका शिशाचा अंगरखा घालतात. किरण क्षणभरच सोडतात. त्यांना हे काम रोज करावे लागते, म्हणून जपावे लागते. रोग्याच्या घोट्यावर पडणारे किरण थोडे असतात आणि पोटापासून दूर असतात. तेव्हा भिऊन फोटो नाकारू नये. मात्र बाई गरोदर असेल, तर ते आधी सांगावे. आपल्या देशात अशी यंत्रे चालवायला अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो.

आपण काय करावे?

घोटा मुरगळला की लगेच चोळू नका. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा उंचवट्याच्या हाडावर दाबले की कळ येत असेल, तर एक्स-रे काढून घ्या. सूज चढण्याआधी जोडवी, पैंजण काढा. पाय हलू नये म्हणून फळीचा किंवा उशीचा आधार द्या. बोटे गार, निळी किंवा बधिर झाली, किंवा हाड बाहेर दिसत असेल, तर एक घडीही थांबू नका.

ऑपरेशननंतर फोटो जपून ठेवा. पुढच्या तपासणीला ते नेहमी बरोबर न्या. डॉक्टर सांगतील तेव्हाच पायावर भार द्या. पुष्कळांना सहा आठवडे थांबावे लागते. साखरेचा आजार असेल, तर जास्त. विडी ओढू नका. तिने हाड उशिरा जुळते.

आणि डॉक्टरांना विचारायला लाजू नका. “माझा फोटो दाखवा. खाच बरोबर बसली का?” असे विचारा. पाय आपला आहे. त्यावर पुढची सारी वर्षे आपल्यालाच उभे राहायचे आहे.

प्रश्न

१. घोट्याची खाच कोणत्या दोन हाडांची बनते?
२. एक मिलीमीटर हाड सरकले तर काय होते?
३. फोटो काढताना पाय आत का वळवतात?
४. एक्स-रे फोटोत न दिसणारे बंध तुटले आहेत, हे डॉक्टर कसे ओळखतात?
५. तुमच्या गावात कोणाचा घोटा मोडला होता का? त्याने काय उपाय केला? आज तो कसा चालतो? चार ओळी लिहा.