अकादमी मिळाली, वाचक का नाही?

प्रश्न : मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिच्या पुस्तकातल्या साहित्य अकादमीच्या यादीत २००३ सालापुढे त्र्यं. वि. सरदेशमुख, ‘डांगोरा एका नगरीचा’ असं आहे. हे लेखक सोलापूरचेच, असं कळलं. पण आमच्या अख्ख्या अपार्टमेंटमध्ये ही कादंबरी वाचलेलं कुणी सापडलं नाही. असं कसं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सरदेशमुख १९१९ साली अक्कलकोटला जन्मले आणि २००५ साली गेले. पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. सोलापुरात राहून कविता, समीक्षा, कादंबरी लिहिणारा हा माणूस जाणकारांत मोठा मानला जाई. गर्दीत मात्र तो कधी गेला नाही.

अकादमीचं नाव शेवटी तीन जणांची समिती ठरवते. खप किती, आवृत्त्या किती, हे तिथे कुणी विचारत नाही. त्यामुळे पुरस्कार आणि वाचकप्रियता यांची गाठ पडेलच असं नाही. खांडेकरांच्या ‘ययाति’ला १९६० साली अकादमी मिळाली आणि ती घरोघरी वाचलीही गेली. उलट शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’वर वाचकांनी जीव ओवाळून टाकला, पण अकादमीच्या यादीत ती नाही. नेमाड्यांच्या ‘कोसला’लाही अकादमी नाही, तिला वसतिगृहातल्या पोरांनी हातोहात फिरवून मोठं केलं. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर त्यांच्याच खोलीतला वाटायचा, त्यांच्याच भाषेत बोलायचा.

‘डांगोरा’ला असा हक्काचा वाचकवर्ग मिळाला नाही. एका छोट्या संस्थानी नगरीची ही कहाणी, माणसं पुष्कळ, भाषा घट्ट विणीची. एका बैठकीत संपत नाही, आणि पन्नासेक पानं नेटानं वाचल्याशिवाय पकडही घेत नाही. त्यात मराठीत पहिली आवृत्ती बहुधा हजारभर प्रतींची. त्या संपल्या की पुस्तक दुकानात दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कुणी मागत नाही. पुरस्काराची बातमी चार दिवसांत शिळी होते. त्यानंतर पुस्तक जगतं ते अभ्यासक्रमात लागलं तर, किंवा एकानं दुसऱ्याला ‘हे वाच’ म्हणून हातात दिलं तर.

माझ्या मते ही कादंबरी सोलापूरकरांनी तरी वाचायलाच हवी. स्वामी समर्थांच्या दर्शनाला आपण अक्कलकोटला नेहमी जातो, राजवाड्यातलं शस्त्रागारही पाहून येतो. पण १९४८ साली विलीन झालेल्या अशा संस्थानांत राजा, कारभारी आणि रयत एकमेकांशी कसं वागत असतील, सत्तेच्या सावलीत साधी माणसं कशी वाकत असतील, हे त्या तलवारी सांगत नाहीत. त्यासाठी कादंबरीकारच लागतो.

दुकानात नाही मिळाली, तर हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा. रोज वीस-पंचवीस पानंच वाचा. माणसांची नावं एका कागदावर लिहून ठेवलीत तर सोपं जाईल. आणि वाचून झाली की अपार्टमेंटमधल्या दुसऱ्या कुणाला तरी तिच्याबद्दल सांगा.