‘टेबल निवडा’ची खिडकी: सोसायटीच्या हिशेबासाठी

वसई-विरारकडची सोसायटी म्हटली की सभासद, मेंटेनन्स आणि टँकरची बिलं आलीच. ही तिन्ही टेबलं एसक्यूलाइटच्या एका फाइलीत असतील, तर हवं ते निवडून पडद्यावर आणणारी खिडकी आपण लॅझरसमध्ये बनवू. लॅझरस हे प्रोग्रॅम बनवायचं साधन फुकट मिळतं. बसा, विंडोजवर सुरू करू.

१. नवा ॲप्लिकेशन प्रोजेक्ट वेगळ्या फोल्डरात सेव्ह करा. पुढेही सेव्ह करत राहा. पावसाळ्यात वीज सांगून जात नाही.

२. एसक्यूलाइटची डीएलएल त्याच फोल्डरात टाका. लॅझरस ६४ बिटचं असेल तर डीएलएलही ६४ बिटचीच हवी, नाहीतर कनेक्शन होणारच नाही.

३. मुख्य फॉर्मवर एसक्यूलाइट कनेक्शन, ट्रान्झॅक्शन आणि क्वेरी ठेवा.

४. कनेक्शनला ट्रान्झॅक्शन जोडा.

५. क्वेरीला कनेक्शन जोडा. कनेक्शनच्या ‘कनेक्टेड’वर आत्ता टिक करू नका.

६. डेटासोर्स ठेवून त्याला क्वेरी जोडा.

७. डीबीग्रिड ठेवून तिला डेटासोर्स जोडा.

८. ग्रिडच्या ऑप्शन्समध्ये ‘डिस्प्ले मेमो टेक्स्ट’ चालू करा. हे राहिलं तर सभासदांच्या नावांच्या जागी नुसतं ‘मेमो’ दिसू शकतं, आणि माणूस डेटा उडाला म्हणून घाबरतो!

९. एक बटण ठेवा: ‘फाइल उघडा’.

१०. ओपन डायलॉग ठेवून त्यात ‘फाइल मस्ट एक्झिस्ट’ चालू करा. नाव टाइप करताना चुकलं, तर एसक्यूलाइट गुपचूप नवी रिकामी फाइल बनवून मोकळं होतं.

११. दुसरा फॉर्म जोडा आणि त्याची बॉर्डर स्टाइल ‘डायलॉग’ करा.

१२. त्यावर लिस्टबॉक्स ठेवा.

१३. खाली ‘उघडा’ आणि ‘रद्द’ ही बटणं ठेवून त्यांचे मोडल रिझल्ट अनुक्रमे ओके आणि कॅन्सल करा. विसरलात तर बटण दाबूनही खिडकी हलणार नाही.

१४. फॉर्मच्या ‘ऑन शो’मध्ये ‘उघडा’ बंद करा.

१५. लिस्टबॉक्सच्या क्लिकवर ते चालू करा. पण आयटम इंडेक्स शून्य किंवा जास्त असेल तरच.

१६. मुख्य फॉर्मवर परत या आणि ‘यूज युनिट’मधून दुसरा फॉर्म जोडा.

आता ‘फाइल उघडा’च्या क्लिकमधला कोड. इथला क्रम अजिबात बदलू नका.

१७. ओपन डायलॉग दाखवा. फाइल निवडली नाही तर तिथेच बाहेर पडा.

१८. कनेक्शन बंद करा. चालू कनेक्शनवर फाइल बदलू नका.

१९. डेटाबेस नेममध्ये निवडलेली फाइल द्या.

२०. कनेक्शन उघडा.

२१. ‘गेट टेबल नेम्स’नं लिस्टबॉक्स भरा. ‘एसक्यूलाइट’नं सुरू होणारी नावं यादीतून काढा, ती आपली नव्हेत.

२२. शो मोडलनं खिडकी दाखवा. यादी भरायच्या आधीच दाखवलीत तर ती रिकामी येईल.

२३. उत्तर ओके असेल तरच क्वेरीत ‘सिलेक्ट’चं वाक्य लिहा. टेबलाचं नाव दुहेरी अवतरणात ठेवा, नाहीतर ‘टँकर बिल’मधली मोकळी जागा नडेल.

२४. क्वेरी उघडा.

२५. कोड झाला. आता हिशेबाच्या फाइलीची नक्कल करा.

२६. एफ९ दाबा आणि ती नक्कल उघडून बघा. मूळ फाइलीला पहिल्या दिवशी हात लावू नका.