बागेतला कार्यकारणभाव



कारणावाचून काहीही उत्पन्न होत नाही, ही भगवान बुद्धाची शिकवण आपण विहारात ऐकतो. तिला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात. शब्द अवघड वाटतो. परंतु वऱ्हाडातल्या माणसाला तो बागेतसुद्धा शिकता येईल.

अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शीकडची संत्र्याची बाग घ्या. कधी कधी हिरवीगार झाडे काजळ फासल्यासारखी काळी पडतात. याला कोळशी म्हणतात. अज्ञानी मनुष्य म्हणतो, बागेला नजर लागली. मग तो बिब्बा टांगतो, कोंबडे कापतो. तुम्ही तसे करू नका. झाडाचे पान उलटून पाहा. खालच्या बाजूला बारीक काळे ठिपके चिकटलेले दिसतील. ती काळ्या माशीची पिल्ले होत.

ही माशी कोवळ्या पानाखाली अंडी घालते. पिल्ले पानातील रस शोषतात आणि साखरेसारखा चिकट पदार्थ बाहेर टाकतात. तो खालच्या पानांवर व फळांवर पडतो. त्यावर काळी बुरशी वाढते. पान काळे झाले म्हणजे त्याला ऊन मिळत नाही; ऊन नाही तर झाडाचे अन्न तयार होत नाही; अन्न नाही म्हणून झाड खंगते. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे. नजरेचा यात संबंध कोठे आला?

साखळी समजली म्हणजे ती कोठे तोडावी हेही समजते. नुसती बुरशी धुऊन भागणार नाही; माशी आवरली पाहिजे. माशीची अंडी-पिल्ले खाणारे मित्र बागेतच असतात. ढालकिडा आणि क्रायसोपा हे त्यांपैकी होत. विचार न करता विष फवारले तर हे मित्रही मरतात. मग उरलेल्या माशीला खाणारे कोणी राहत नाही आणि ती पुन्हा बळावते.

आपल्यापैकी अनेकांजवळ बाग नाही, दुसऱ्याच्या बागेतली मजुरी आहे. तरी घरामागे भोपळ्याचा एक वेल असतोच. त्याची नरफुले वेगळी, मादीफुले वेगळी. मधमाशीने नरफुलाचे पराग मादीफुलावर नेले नाहीत तर फळ धरत नाही. माशीला फुलाचा मध हवा, वेलाला माशीची वाहतूक हवी. वेलाखाली पडलेला पाला गांडुळे खातात व त्याचे खत करतात. तो पाला जाळला तर गांडूळ उपाशी आणि जमीनही उपाशी.

मनुष्य या साखळीच्या बाहेर नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मेले. हे दैव नव्हते. त्यालाही कारणे होती. म्हणून मजुरीला जाताना तोंडाला फडके, हातात मोजे आणि अंगभर कपडे असल्यावाचून पंपाला हात लावू नका. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. मालकाने घाई केली तरी ही साधने मागा. तो तुमचा हक्क आहे. औषधाची शंका असेल तर कृषी सहायकाला किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात विचारा. मांत्रिकाला विचारू नका.

घरी मुलांना विचारावयाचे प्रश्न :

१. कोळशी पडण्यापूर्वी काय काय घडते, ते क्रमाने सांगा.

२. सगळे ढालकिडे मेले तर संत्र्याचे काय होईल?

३. भोपळ्याच्या वेलावर नरफूल व मादीफूल शोधून दाखवा.

उत्तर पाठ करून घेऊ नका. मुलांना वेलाजवळ न्या आणि पाहू द्या.