चालतं दुकान आणि दुसरा धंदा: फायनल फँटसीच्या साकागुचींकडून काय शिकायचं?

मागच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. "सर, दुकान बरं चाललंय, आता दुसरी लाइन टाकू का?" कोणी आमगावहून विचारलं, कोणी तिरोड्याहून. उत्तर देण्यासाठी मी एका जपानी माणसाची केस स्टडी निवडली आहे. तो व्हिडिओ गेम बनवतो. तुमचं दुकान किराण्याचं असो की हार्डवेअरचं, ही गोष्ट कामाची आहे. गेम खेळता येत नसला तरी चालेल, हिशोब कळला पाहिजे.

माणूस कोण?

हिरोनोबू साकागुची. जन्म १९६२. योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीत इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग शिकत होते. ते अर्धवट सोडून १९८३ मध्ये स्क्वेअर नावाच्या ठिकाणी पार्ट टाइम लागले. स्क्वेअर तेव्हा विजेच्या लाइन टाकणाऱ्या एका कंपनीचा छोटा सॉफ्टवेअर विभाग होता. सुरुवातीचे गेम फारसे गाजले नाहीत. १९८६ मध्ये एनिक्स या दुसऱ्या कंपनीचा ड्रॅगन क्वेस्ट हा रोल-प्लेइंग गेम जोरात चालला. या प्रकारात खेळणारा एक पात्र होतो, लढतो, कमावतो, हळूहळू ताकद वाढवतो. बाजारात गिऱ्हाईक आहे हे दिसल्यावर स्क्वेअरनेही साकागुचींना तसा गेम करायला होकार दिला.

१८ डिसेंबर १९८७ ला फायनल फँटसी बाजारात आला. हा चालला नाही तर काम सोडून परत कॉलेजला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून "फायनल" हे नाव पडलं, अशी गोष्ट तुम्ही बऱ्याच मोटिव्हेशनल व्हिडिओत ऐकली असेल. ती अर्धीच खरी आहे. अडचण खरी होती, पण नावाबद्दल साकागुचींनी स्वतःच नंतर सांगितलं, की "एफ एफ" असं छोटं रूप हवं होतं. पहिला विचार "फायटिंग फँटसी" होता, ते नाव आधीच दुसऱ्याकडे होतं. दुकानाच्या पाटीचा विचार करताना आपण हेच बघतो ना? तोंडात बसलं पाहिजे आणि दुसऱ्याचं नसलं पाहिजे.

धडा १: माल किती काढायचा यासाठी भांडले

कंपनी पहिल्या खेपेत २ लाख प्रती काढणार होती. साकागुचींनी ४ लाखांचा आग्रह धरला. कारण सरळ होतं. २ लाख विकूनही पुढचा भाग काढण्याइतका पैसा उरला नसता. म्हणजे हा आग्रह पुढच्या खरेदीचं भांडवल बघून केलेला होता, नुसता जोश नव्हता. सीझनला माल भरताना "हा विकला तर पुढच्या सीझनचा पैसा निघेल का?" हे आपणही विचारावं.

धडा २: गल्ला दुसऱ्याच्या हाती दिला

पाचव्या भागापर्यंत (१९९२) ते स्वतः डायरेक्टर होते. सहाव्या भागाला (१९९४) त्यांनी डायरेक्शन योशिनोरी कितासे आणि हिरोयुकी इतो यांच्याकडे सोपवलं आणि स्वतः प्रोड्यूसर झाले. फरक समजून घ्या. डायरेक्टर म्हणजे काउंटरवर उभा असलेला, प्रत्येक पुडी बांधणारा. प्रोड्यूसर म्हणजे माणसं, पैसा आणि वेळ सांभाळणारा. आपल्याकडे पन्नाशी आली तरी मालक चावी सोडत नाही, मग पोरगा नागपूरला नोकरी शोधतो.

१९९७ चा सातवा भाग कितासेंनी डायरेक्ट केला आणि त्याच्या १ कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या. त्यासाठी स्क्वेअरने निन्तेंदोची साथ सोडून सोनीच्या प्लेस्टेशनवर उडी घेतली. कारण गेम मोठा होता, निन्तेंदोच्या कार्ट्रिजमध्ये मावत नव्हता, आणि सोनीकडे सीडी होती. गेम ३ सीडींवर आला. जुना होलसेलवाला कितीही जवळचा असला, तरी आपला माल त्याच्या गाडीत मावत नसेल तर दुसरी गाडी बघावी लागते.

धडा ३: दुसरा धंदा

आता मुद्द्याची गोष्ट. गेममधली व्हिडिओ दृश्यं लोकांना आवडत होती. साकागुचींना वाटलं, पूर्ण सिनेमाच काढू. हवाईत होनोलुलूला स्टुडिओ उभा केला, वर्षानुवर्षं काम चाललं. "फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन" जुलै २००१ मध्ये आला आणि साकागुची स्वतः त्याचे डायरेक्टर होते.

खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर. जगभरातली तिकीटविक्री सुमारे ८ कोटी ५० लाख डॉलर. त्यातूनही थिएटरवाला आपला वाटा कापून घेतो, हे धरा. स्टुडिओ बंद झाला. त्याच वर्षी सोनीने स्क्वेअरमध्ये सुमारे १९ टक्के हिस्सा घेतला. एनिक्सशी विलीनीकरणाची बोलणी लांबली आणि शेवटी १ एप्रिल २००३ ला स्क्वेअर एनिक्स झाली. ज्या एनिक्सचा गेम बघून सुरुवात केली, तिच्याशीच एकत्र यावं लागलं. साकागुचींना कंपनीतलं मोठं पद सोडावं लागलं आणि मग त्यांनी कंपनीही सोडली.

चूक कुठे झाली? सिनेमा काढण्यात नाही. गेम विकत घेणारा माणूस सिनेमाचंही तिकीट काढेल, हे गृहीत धरण्यात. आणि पडलं तर मूळ धंदा हलेल एवढा मोठा डाव लावण्यात.

आपल्याकडे हेच दिसतं. राइस मिल छान चालते, म्हणून मालक लग्नाचं लॉन काढतो. मिलचा व्यवहार धानाचा, लॉनचा व्यवहार तारखांचा आणि पाहुण्यांचा. नाव तेच, पण गिऱ्हाईक वेगळं, कसब वेगळं.

हिशोब करून बघा

समजा दुकानातून घरखर्च जाऊन महिन्याला १५,००० रुपये उरतात. दुसऱ्या लाइनला ६ लाख लागतात. ती पूर्ण बुडाली तर भरून काढायला ६,००,००० भागिले १५,००० = ४० महिने. म्हणजे ३ वर्षं ४ महिने, तेही व्याज न धरता. एवढा काळ होलसेलवाल्याची उधारी वेळेवर देता येईल का? येत नसेल तर रक्कम कमी करा. मी माझ्या बॅचमध्ये १२ महिन्यांच्या बचतीपर्यंतच डाव लावायला सांगतो. इथे तो १ लाख ८० हजार होतो. घराचे कागद आणि शेताचा सातबारा या कामासाठी बाहेर काढायचा नाही.

धडा ४: पुन्हा उभं राहणं

२००४ मध्ये साकागुचींनी मिस्टवॉकर ही छोटी कंपनी काढली. पाठीशी मायक्रोसॉफ्ट होती. ब्लू ड्रॅगन (२००६) आणि लॉस्ट ओडिसी (२००७) आले. जुने साथीदार, संगीतकार नोबुओ उएमात्सू, सोबत होते. पद गेलं तरी माणसं टिकली. २०२१ मध्ये फँटसियन हा गेम आला, त्यात हाताने बनवलेल्या दीडशेहून जास्त छोट्या देखाव्यांचे फोटो वापरले आहेत. २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती प्रकाशित केली ती स्क्वेअर एनिक्सनेच. निघताना दार आपटलं नाही, तर परत यायला दार उघडं राहतं.

आणि हे सगळं जपानचंच आहे असं समजू नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने "राजी: अॅन एन्शंट एपिक" बनवला. २०१७ ची त्यांची किकस्टार्टरवरची लोकवर्गणी पूर्ण झाली नाही. छोटी टीम थांबली नाही. २०२० मध्ये गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळालं.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहा.
१. नव्या लाइनचं गिऱ्हाईक माझं आजचंच आहे का? दहा जणांना विचारा, नावं लिहा.
२. सगळं बुडालं तर किती महिन्यांत भरून निघेल?
३. मी नव्या ठिकाणी बसलो तर जुन्या गल्ल्यावर कोण बसेल?

तिसऱ्या ओळीत नाव लिहिता येत नसेल, तर आधी माणूस तयार करा. दुसरं दुकान सहा महिने थांबू शकतं.