लाखभर आयपी पत्ते अडवायला किती खर्च येतो?

भाड्याचा लिनक्स सर्व्हर चालू केला की थोड्याच वेळात लॉगमध्ये ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’ अशा ओळींची रीघ लागते. मग कुठून तरी बंदी घालायच्या आयपी पत्त्यांची लांबलचक यादी मिळते आणि दरमहा पैसे घेणारा ‘सिक्युरिटी पॅक’ गळ्यात मारणाराही भेटतो. पाकीट काढायची घाई करू नका. या कामाचे हत्यार लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, फुकट.

पैसे जातात ते चुकीच्या पद्धतीपायी. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये दर पत्त्याला एक नियम लिहिला, तर येणारे पॅकेट एकेक नियम तपासत खाली उतरते. पन्नास नियमांचे काही नाही. पन्नास हजार झाले की प्रोसेसरला धाप लागते, मशीनच लहान पडतेय असे मालकाला वाटते आणि तो वरचा प्लॅन घेतो. इतका वायफळ खर्च दुसरा नाही.

त्याऐवजी आयपीसेट वापरा. 2011पासून ते मूळ कर्नलमध्ये आहे. सगळे पत्ते एका हॅश संचात जातात, आयपीटेबल्समध्ये नियम एकच राहतो आणि यादी हजाराची असो वा लाखाची, शोधायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. मेमरी काही एमबी. एक मेख मात्र आहे: संचाची मूळची मर्यादा 65,536 नोंदींची असते, तेव्हा तयार करतानाच ‘मॅक्सएलेम’ वाढवून घ्या. पत्ते लूप लावून एकेक घालू नका. फाइल बनवून ‘रिस्टोअर’ने एका दमात भरा. यादी बदलायची असेल तर नवा संच भरून ‘स्वॅप’ करा, मधला क्षणही दार उघडे राहत नाही. नव्या सर्व्हरवर आयपीटेबल्सऐवजी एनएफटेबल्स असेल तर संचाची सोय त्यातच मिळते.

क्लाउडवाल्यांच्या सेवेचा हिशेब वेगळा. अ‍ॅमेझॉनच्या वॅफ या वेब फायरवॉलचा मूळ दर महिन्याला 5 डॉलर, दर नियमाला 1 डॉलर आणि दहा लाख विनंत्यांमागे 60 सेंट. म्हणजे एक नियम आणि 50 लाख विनंत्या धरल्या तर 9 डॉलर, वर 18 टक्के जीएसटी. शिवाय वॅफ नुसत्या मशीनपुढे लावता येत नाही. लोड बॅलन्सर किंवा क्लाउडफ्रंटसारखी सेवा लागते, तिचे बिल निराळे. एसएसएचवर, म्हणजे सर्व्हरच्या दूरस्थ लॉगिनवर, पासवर्ड आपटणाऱ्यांसाठी वॅफचा उपयोग शून्य. तिथे पासवर्डने लॉगिनच बंद करून एसएसएच की वापरा, निम्मी डोकेदुखी संपते.

पैसे मोजावेतच असा प्रसंग म्हणजे पॅकेटांचा महापूर. तुमच्या फायरवॉलने पॅकेट टाकून दिले तरी ते तुमच्या लाइनवरून आलेले असतेच. पूर वरच, होस्टिंग कंपनीकडे किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेकडे अडवावा लागतो. क्लाउडफ्लेअरचा फुकट प्लॅनही आहे. पण तो लावल्यावर सर्व्हरला पाहुण्याचा नव्हे, क्लाउडफ्लेअरचा पत्ता दिसतो. तोच यादीत गेला तर साइट बंद!

यादी करताना आणखी एक सावधगिरी: मोबाइल कंपन्या एकच आयपीव्ही4 पत्ता अनेक ग्राहकांना वाटून देतात. देशी मोबाइल पत्त्यांवर कायमची बंदी घातली तर आपलेच गिऱ्हाईक बाहेर राहते. तिथे तासा-दोन तासांचा टाइमआउट पुरे.

हे काम माहीतगाराकडून करून घेणार असाल तर एकरकमी मजुरी ठरवा, मासिक नको. तुमचा पत्ता आधी परवानगीच्या यादीत घालायला सांगा. आयपीसेट रीबूटनंतर आपोआप टिकत नाही, म्हणून पैसे देण्याआधी सर्व्हर तुमच्यादेखत रीबूट करायला लावा आणि संचातल्या नोंदी मोजून घ्या.