घास अडकतो, पण पोरगी सांगत नाही



समजा, आपल्या गटातल्या एका ताईची मुलगी चौदा वर्षांची आहे. लग्नाच्या पंगतीत ती दोन घास भात खाते आणि "पोट भरलं" म्हणून उठते. शाळेतला डबा अर्धा परत येतो. आजी म्हणते, "नखरे आहेत पोरीचे." आईला मात्र ठाऊक असतं की जन्मल्यावर तिसऱ्याच दिवशी तिचं ऑपरेशन झालं होतं. पण ती गोष्ट घरात कुणी काढत नाही आणि दवाखान्याची फाईल पत्र्याच्या पेटीत तळाशी पडून आहे.

या अंकात अशाच मुलामुलींबद्दल बोलू.

हा आजार काय असतो?

तोंडातून पोटात अन्न नेणारी नळी म्हणजे अन्ननलिका. काही बाळांमध्ये ती गर्भातच मध्ये तुटक राहते. बऱ्याचदा तिचा खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला असतो. डॉक्टर याला 'इसोफेजिअल अॅट्रेशिया' म्हणतात. साधारण २५०० ते ४५०० जन्मांमागे एका बाळाला हे होतं. अशा बाळाच्या तोंडाला सारखा फेस येतो आणि दूध पाजलं की ते गुदमरतं, निळं पडतं.

जुन्या काळी अशी बाळं वाचत नसत. १९४१ साली अमेरिकेत डॉ. कॅमेरॉन हेट यांनी एकाच ऑपरेशनमध्ये नळीची दोन्ही टोकं जोडून बाळ वाचवलं. आज वेळेवर ऑपरेशन झालं तर बहुतेक बाळं जगतात, शाळेत जातात, मोठी होतात.

आणि हो, ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून हे होत नाही. यात आईचा काहीही दोष नाही.

ऑपरेशन झालं, मग आता काय?

नळी जोडली जाते, पण तिची हालचाल इतरांसारखी होत नाही. घास खाली ढकलायची ताकद कमी राहते. म्हणून वयात येताना पुढील गोष्टींवर लक्ष ठेवा:

१. घास अडकणे, जेवायला फार वेळ लागणे, प्रत्येक घासाला पाणी लागणे.
२. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे. हे वर्षानुवर्षं चालू राहिलं तर नळीच्या आतल्या अस्तराला इजा होते.
३. भुंकल्यासारखा घोगरा खोकला, वारंवार छाती भरणे, पळताना धाप लागणे.
४. वजन न वाढणे.
५. पाठ किंवा खांदा एका बाजूला झुकणे. मुलीला पुढे वाकायला सांगा आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते पाहा.

मोठ्या मुली त्रास सांगत नाहीत. त्यांना सवय झालेली असते. "सगळ्यांनाच असं होतं" असं त्यांना वाटतं, किंवा चारचौघांत ठसका लागेल म्हणून लाज वाटते. म्हणून "त्रास होतो का?" असं विचारू नका. "तुला काय खायचं टाळावंसं वाटतं?" असं विचारा. उत्तर तिथे सापडेल.

स्वयंपाकघरात

कोरडी भाकरी, मटणाचा मोठा तुकडा, सालीसकट सफरचंद हे पदार्थ जास्त अडकतात. भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून द्या. मऊ भात, पिठलं, नाचणीची आंबील, मऊ उकडलेलं अंडं चालतं. लहान घास, नीट चावून, मध्ये पाणी. जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका. घाई करू नका आणि टोमणे तर नकोच. शाळेत बाईंना सांगून ठेवा, म्हणजे डबा खायला पुरेसा वेळ मिळेल.

घास अडकला, पण मुलगी बोलते आहे, श्वास घेते आहे, तर तिला ताठ बसवा, धीर द्या. वरून केळं किंवा भाकरी कोंबू नका, घशात बोटं घालू नका. थुंकीसुद्धा गिळता येत नसेल, छातीत दुखत असेल किंवा घास सुटतच नसेल तर लगेच दवाखाना गाठा. बोलताच येत नसेल, श्वास कोंडला असेल तर १०८ ला फोन करायला सांगा आणि तोवर तिला पुढे वाकवून पाठीवर जोराच्या थापा द्या.

त्रास नसला तरी तपासणी

लक्षणं नसतानाही आतून इजा झालेली असू शकते. म्हणून दुर्बिणीतून तपासणी लहानपणापासून ठरावीक टप्प्यांवर करायची असते: पित्ताचं औषध थांबवल्यावर, दहा वर्षांच्या आत आणि वयात येऊन मोठं होताना. पुढेही अधूनमधून लागते. मुलांचे डॉक्टर सुटले की पोटविकार तज्ज्ञ कोण पाहणार, हे आधीच विचारून घ्या.

तंबाखू, मिश्री, गुटखा यांपासून या मुलांना कटाक्षाने दूर ठेवा. अन्ननलिकेला त्याचा धोका सगळ्यांनाच आहे, यांना तर तो पत्करायलाच नको. चुलीचा धूरही छातीला बाधतो.

गटाने काय करावं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं. त्यांना जुनं ऑपरेशन आवर्जून सांगा. आशाताईंना सोबत घ्या. जिल्ह्याला जायचं तर एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज हीच खरी अडचण असते. त्यासाठी गटाच्या अंतर्गत कर्जाचा विचार करा.

आणि शेवटची, अवघड गोष्ट. "लग्न जमणार नाही" म्हणून हे लपवलं जातं. लपवलं की तपासणी थांबते. सासरी घास अडकला तर काय करायचं हे तिथे कुणालाच माहीत नसतं. छातीवरचा व्रण लाजेचा नाही. ती पोरगी जगली, त्याची ती खूण आहे. ऑपरेशनची हकिकत तिला स्वतःला सांगता यावी, एवढं तिला शिकवा.

पुढच्या बैठकीत बोलूया

• आपल्या वस्तीत लहानपणी मोठं ऑपरेशन झालेली मुलं कोण? त्यांची फाईल कुठे आहे?
• पंगतीत सावकाश जेवणाऱ्या पोरीला आपण काय म्हणतो?

आज घरी गेल्यावर पेटी उघडा आणि ती फाईल वर काढून ठेवा.